गाडी आधी बोलते

लांबच्या प्रवासात गाडी बंद पडली की घरी परतल्यावर आपण एक ठरलेले वाक्य ऐकवतो, "काही कळायच्या आत गिअरबॉक्स गेला हो!" ऐकणाराही मान डोलावतो आणि दोष नशिबाला देऊन विषय संपतो. मला हे वाक्य मान्य नाही. टायर अचानक फुटू शकतो, दगड उडून काच तडकू शकते. पण क्लच आणि गिअरबॉक्स सहसा एका क्षणात जात नाहीत. ते आधी कुरकुरतात, वास सोडतात, थेंब गाळतात. प्रश्न एवढाच, की आपण ते ऐकतो का, आणि ऐकले तरी थांबतो का?

कला शाखेच्या वार्षिक अंकात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण मित्रहो, आपला जिल्हा चाकांवर जगतो. परळीला रेल्वे जुनी. मात्र बीड शहरात अहिल्यानगरहून प्रवासी गाडी यायला सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. तोवर नोकरी, दवाखाना, लग्नकार्य, परीक्षा, सगळे रस्त्यानेच. आजही बहुतेक तालुक्यांना तोच आधार आहे. त्यात बालाघाटाच्या रांगांनी जिल्ह्याचे दोन भाग केलेले. खाली गेवराई-माजलगावकडची गंगथडी, वर पाटोदा, केज, अंबाजोगाई. एकीकडून दुसरीकडे जायचे तर मांजरसुंबा किंवा धारूरसारखा घाट चुकत नाही. सपाटीवर झाकून राहिलेले गाडीचे दुखणे नेमके तिथे बाहेर पडते.

हे दुखणे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. इंजिन वेगाने फिरते, पण भरलेली गाडी चढावर ओढण्याइतके बळ त्याला थेट देता येत नाही. म्हणून लहान चाकाने मोठे चाक फिरवायचे. वेग सोडायचा आणि बळ घ्यायचे. फ्रान्समध्ये लव्हासॉर याने १८९१ च्या सुमारास मोटारीत सरकत्या दात्यांची अशी रचना बसवली. आजच्या गिअरबॉक्समध्ये सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी तत्त्व तेच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा व वेळेला सोडवणारा तो क्लच. जीप किंवा बोलेरोसारख्या गाडीत पुढे लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याचे जॉइंट आणि मागचे डिफरन्शिअल. या साखळीतली एक कडी ढिली झाली, की ती आपल्या परीने बोलू लागते.

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, शिवाय जळका वास येतो. याचा अर्थ क्लच प्लेट घासली आहे. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर क्लचचे बेअरिंग तपासावे. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर पेडल दाबताच थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सवर घ्यावा. गाडी सुटताना खालून 'ठक्' आवाज आणि वेगात थरथर, म्हणजे बहुधा शाफ्टचा जॉइंट. गाडी उभी होती तिथे दाट, उग्र वासाचे तेल पडले असेल तर ते गिअर ऑईल आहे. ज्या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो, तिचे पेडल एकाएकी पोकळ लागले आणि गिअर पडेना, तर आधी बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी पाहावी. कित्येकदा गळतीने तेल उतरलेले असते. योग्य तेल भरून, पेडल पाच-सात वेळा मारून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत जाते. पण गॅरेजपर्यंतच, त्याच भरवशावर पुण्यापर्यंत नव्हे!

इथे एका जुन्या खोडीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून तेल वाचवण्यात अनेकांना मोठे कसब वाटते. वास्तविक आजच्या इंजिनांत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच, उलट इंजिनाची रोख गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. म्हणूनच गिअरबॉक्सचे दुखणे घाटात केवळ गैरसोयीचे राहत नाही. उतारावर मधेच गिअर निसटला, तर तो जिवावरचा प्रसंग आहे.

गाडी घाटात उभी राहिलीच तर पहिले काम चाकांखाली दगड लावणे. 'गिअरमध्ये टाकली आहे, हलणार नाही' हा भरवसा तुटलेल्या शाफ्टपुढे व्यर्थ. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये तर हँडब्रेकही त्या शाफ्टवरच काम करतो. शाफ्ट तुटला की तोही गेला. टोचन लावून गाडी ओढताना इंजिन बंद असेल तर ब्रेकचे पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे मागच्या गाडीत बसणाऱ्याने आधी जाणावे. ऑटोमॅटिक गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची ओढणारी चाके जमिनीवर ठेवून टोचन लावले तर बरा गिअरबॉक्सही बिघडू शकतो. अशी गाडी पूर्ण उचलून नेणे शहाणपणाचे. लांब चढावर धोक्याचा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून ती निवू द्यावी. 'ऑटोमॅटिक आहे, तिचे ती पाहील' हे बोलणे आळसाचे आहे.

यावर आक्षेप येईल की, सोबत बायकामुले, रात्रीची वेळ, अनोळखी माळरान. तिथे थांबायचे कसे? आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच मी म्हणतो, की थांबायचे ते घाटाआधी. पहिली कुरकुर बहुधा गावाजवळ, ढाब्याजवळ, उजेडातच ऐकू आलेली असते. तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, "जरा बघू का?" आणि मागून आवाज येतो, "आता आलंच की, चल!" मुहूर्त, मुलाखत, मुक्काम; आपल्याला पोचायची घाई असते. बिघाडाचा दोष आपण ड्रायव्हरच्या पायावर टाकतो, पण पुढे रेटण्याचा निर्णय पुष्कळदा मागच्या सीटवर झालेला असतो.

तरीही मोटारवाल्याला थांबणे परवडते. एक मुक्काम वाढतो, एवढेच. ज्याला ते परवडत नाही असा प्रवासी आपल्या जिल्ह्यात दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, लेकरे, सरपण, कधी बैलही. आणि वाट पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची. मजुराने मुकादमाकडून उचल घेतलेली, मुकादमाने कारखान्याकडून. ट्रॅक्टरवर कर्ज. पोचायला उशीर झाला तर खाडा कुणाच्या नावावर पडणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा वेळी क्लचचा वास ड्रायव्हरला येत नाही असे थोडेच आहे? येतो, पण थांबण्याची सत्ता त्याच्या हाती नसते. त्याला 'निष्काळजी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी व्हाव्यात. हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीचा क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि जोडणीचा हूक निघण्यापूर्वी कारखान्याच्या खर्चाने तपासला जावा, आणि वाटेतील दुरुस्तीचा दिवस मजुराच्या हिशेबातून कापला जाऊ नये. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपण भाषेतले बारकावे शिकतो, इतिहासातली कारणपरंपरा शिकतो. पण ज्या गाडीत बसून आपली माणसे रोज घाट चढतात तिचे बोलणे आपल्याला कळत नाही आणि त्याची खंतही वाटत नाही. शेजारच्या आयटीआयमधील निदेशकांना किंवा एखाद्या जाणत्या मिस्त्रीला कॉलेजात बोलवावे, उघडा गिअरबॉक्स पटांगणात ठेवावा आणि एक दिवस हात काळे करावेत. त्याने आपण मेकॅनिक होणार नाही. पण पुढच्या वेळी ड्रायव्हरने "जरा बघू का?" असे विचारले, तर मागच्या सीटवरून "थांबव, आधी बघून घेऊ" एवढे म्हणणारा एक तरी माणूस गाडीत असेल.