दुबईला निघालात? मग एक खातं तुमच्याही नावाचं हवं!

मैत्रिणींनो,

मागच्या महिन्यात पवनीहून एका भगिनीचे पत्र आले. पवनी माझे आजोळ. तिथला शिक्का दिसला की मी ढिगातले तेच पाकीट आधी फोडते, हे तुमच्यापासून काय लपवू! वैनगंगेचा घाट, जुना परकोट, मामींच्या हातची तांदळाची भाकरी, सगळे एकदम आठवते. पण पत्र वाचले आणि आठवणी बाजूला राहिल्या. ती लिहिते:

"ताई, यांना दुबईत नोकरी लागून दोन वर्षं झाली. आता मला आणि मुलाला तिकडं न्यायचं ठरलं आहे. मी लग्नाआधीपासून शिवणकाम करते. त्याचे, भिशीचे आणि आईने दिलेले मिळून माझ्या खात्यावर एक लाख ऐंशी हजार रुपये आहेत. सासूबाई म्हणतात, आता तिकडंच राहाचं, तर हे खातं बंद कर आन् पैसे त्याच्या खात्यात टाकून दे. हेही म्हणतात, तिकडं तुला वेगळ्या खात्याची गरज काय? सगळे असंच म्हणून राहिले. मला काही सुचत नाही. काय करू?"

भगिनी, आधी उत्तर देते, मग कारण सांगते. इकडचे खाते बंद करू नका. आणि तिकडे गेल्यावर, लहानसे का होईना, तुमच्या एकटीच्या नावाचे खाते उघडा.

सासूबाईंचा किंवा यजमानांचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या एका चुलतबहिणीचे यजमानही चांगलेच होते. आखातात नोकरी, पगार त्यांच्या खात्यात, कार्ड त्यांच्या पाकिटात. ही मागेल तेवढे पैसे हातावर ठेवायचे, कधी 'कशाला' म्हणून विचारायचे नाहीत. एका दुपारी कामावरच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात बेशुद्ध. पाकीट हिच्या हातात आले, त्यात कार्डही होते, पण त्याचा पिन हिला ठाऊक नव्हता. फोनचे कुलूप उघडेना. बँकेत गेली, तर खातेदार स्वतः आल्याशिवाय काही करता येणार नाही म्हणाले. नियमाने बोलले, त्यांना दोष तरी काय देणार? तेरा दिवस शेजारणींनी डबे दिले आणि टॅक्सीचे पैसे उसने दिले. खात्यात पैसे होते, आणि बाई दोन दिरहमच्या ब्रेडसाठी हात पसरत होती!

देवाच्या दयेने ते बरे झाले. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काठी टेकत तिला घेऊन बँकेत गेले. न झाले असते तर? खातेदार गेल्याचे कळताच बँक खाते थांबवते आणि वारसाचा कोर्टाचा कागद आल्यावरच पैसे मोकळे करते. त्याला महिने लागतात. म्हणून सांगते, वेगळे खाते म्हणजे वेगळा संसार नव्हे. घरात गॅसचे सिलिंडर दोन ठेवतो ना, त्यातलेच हे.

आता एकेक काम क्रमाने पाहू.

निघण्यापूर्वी, पवनीतच

पहिले काम नावाचे. आपल्याकडे बाईचे नाव लग्नात बदलते आणि तिथून घोळ सुरू होतो. बँकेच्या पुस्तकावर माहेरचे आडनाव, आधारवर नवऱ्याच्या नावासह सासरचे, पॅन कार्डावर तिसरेच. पासपोर्टवर तर मधले नाव बहुधा पहिल्या नावाला जोडून छापलेले असते. परदेशातली बँक पासपोर्ट प्रमाण मानते. तेव्हा पासपोर्टवर जे नाव, जे स्पेलिंग, तेच बँक, पॅन आणि आधार या तिन्हीवर करून घ्या. विमानाचे तिकीट काढायच्या निदान तीन महिने आधी या कामाला लागा.

दुसरे काम विवाह नोंदणीच्या दाखल्याचे. यजमानांच्या नावावर तुमचा तिकडचा व्हिसा निघायला तो लागतो, आणि नुसता दाखला चालत नाही. त्यावर आधी राज्य शासनाचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर आधी ती करा.

तिसरे काम इकडच्या खात्याचे. परदेशी राहायला गेलेल्या माणसाला इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. 1999 च्या परकीय चलन कायद्याखाली, ज्याला 'फेमा' म्हणतात, ते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावे लागते. घाबरू नका, पैसे कुठे जात नाहीत. बँकेत अर्ज, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत दिली की काम होते. शिलाईचे राहिलेले पैसे, घरभाडे, शेतीच्या वाट्याच्या धानाचे चुकारे, असे इथले उत्पन्न त्यात जमा करता येते. दुसरा प्रकार 'एनआरई'. त्यात परदेशात कमावलेला पैसा ठेवायचा. त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही आणि तो हवा तेव्हा पुन्हा परदेशी नेता येतो. एनआरओच्या व्याजातून मात्र बँक 30 टक्के कर, वर उपकर, आधीच कापते. तुमचे इथले एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. म्हणून पॅन कार्ड हवेच.

आणि हो, यजमानांना दोन वर्षे झाली तिकडे. त्यांचे इथले खाते अजून साधेच आहे का, तेवढे विचारून घ्या. पुष्कळांचे तसेच राहते आणि पुढे दंडाची वेळ येते.

चौथे काम, इथे मागे कोण पाहणार? एनआरओ खात्यात आईचे किंवा भावाचे नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या अटीवर घालता येते. म्हणजे पहिला खातेदार असेपर्यंत खाते त्याचे, त्याच्यामागे दुसऱ्याचे. तुम्ही नसताना इथले व्यवहार त्यांनी करावेत असे वाटत असेल तर मुखत्यारपत्र द्या, पण विश्वासाच्या माणसालाच. नॉमिनीचे नाव तपासा. लग्नाआधी वडिलांचे घातलेले असते आणि वडील जाऊनही वर्षे लोटलेली असतात! 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात.

पाचवे काम मोबाईल क्रमांकाचे. हे फार जणी विसरतात. बँकेचा ओटीपी येतो तो पवनीच्या सिमवर, आणि तुम्ही दुबईत! एक तर ते सिम रिचार्ज करून तिकडे चालू ठेवा, नाही तर तिथला क्रमांक मिळाल्यावर बँकेत नोंदवा. सिम दिराला देऊन जाऊ नका. ते म्हणजे तिजोरीची किल्ली देऊन जाणे झाले. 2023 पासून अमिरातीसह काही देशांच्या मोबाईल क्रमांकांवर एनआरई आणि एनआरओ खात्याचे यूपीआय वापरायची परवानगी आहे. आपली बँक ती सोय देते का, ते विचारून ठेवा.

तिकडे गेल्यावर

उतरल्या दिवशी खाते निघत नाही. आधी निवासाचा व्हिसा, मग 'एमिरेट्स आयडी' हे ओळखपत्र, मग बँक. पासपोर्ट आणि हे ओळखपत्र घेऊन जा. घरभाड्याचा नोंदलेला करार, ज्याला दुबईत 'इजारी' म्हणतात, तोही जवळ ठेवा. आपला 'इजारा' तो हाच शब्द. तुम्हाला नोकरी नाही म्हणून काही बँका यजमानांचे ना-हरकत पत्र आणि पगाराचा दाखला मागतात. एका बँकेने नाही म्हटले तर दुसरीत विचारा. खाते मात्र बचतीचे, तुमच्या एकटीच्या नावाचे, कार्डासहित.

सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. किमान शिल्लक किती ठेवायची? ती कमी झाली तर दरमहा किती कापता? व्यवहार झाल्याचा संदेश माझ्या फोनवर येईल ना? उत्तरे तिथेच वहीत लिहून घ्या. इंग्रजीचा संकोच वाटला तर हिंदीत विचारा. तिथे हिंदी समजणारी माणसे पुष्कळ भेटतात.

मग दरमहा घरखर्चाचे पैसे यजमानांनी त्या खात्यात टाकावेत. दोन महिन्यांचा खर्च त्यात कायम राहील असे बघा. तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

काही पथ्ये सांगते. कोरा चेक सही करून कुणालाही देऊ नका, ओळखीच्याला नाही आणि घरमालकालाही नाही. न वटलेल्या चेकचा तिथला कायदा 2022 पासून पूर्वीपेक्षा सौम्य झाला आहे, पण असा चेक घेऊन समोरचा थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकतो. कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका. आपले कार्ड किंवा खाते 'दोन दिवस वापरायला' देऊ नका. त्यातून गैरमार्गाचा पैसा फिरला तर नाव तुमचे. आणि ओळखपत्राची मुदत संपायच्या आत नवे बँकेत दाखवा, नाही तर बँक व्यवहार अडवते.

आईला पैसे पाठवताना

एक्स्चेंजच्या दुकानात 'फी नाही' अशी पाटी दिसली की आपण भुलतो. फी नसली तरी भावात काढलेली असते. म्हणून एकच प्रश्न विचारा: 'मी पाचशे दिरहम दिले तर आईच्या खात्यात रुपये किती पडतील?' दोन ठिकाणी विचारा आणि जिथे जास्त तिथे द्या. दिरहम 1997 पासून डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725. म्हणजे रुपया डॉलरपुढे उतरला की दिरहमचेही रुपये जास्त मिळतात. पेपरातला डॉलरचा भाव पाहत जा.

इकडे पैसे पाठवायला आईच्या बँकेचा 11 अक्षरांचा आयएफएससी लागतो. तुमच्या तिकडच्या खात्याला 23 अक्षरांचा 'आयबॅन' असतो, सुरुवात एई या अक्षरांनी. दोन्ही पाठ करायला नकोत, वहीत असू द्या. आणि ओळखीचा कुणी 'मला इथे दिरहम द्या, माझा माणूस घरी रुपये पोचवेल' म्हणाला तर हात जोडा. ती हवाला. कायद्याने गुन्हा, आणि पैसे बुडाले तर तक्रार करायलाही जागा नाही.

परत येताना

नोकरी संपली की आपण सामान बांधायला लागतो आणि बँक राहून जाते. यजमानांचे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असेल तर ते आधी फेडा, 'देणे नाही' असा लेखी दाखला घ्या आणि मग खाते बंद करा. हे सगळे व्हिसा रद्द होण्याच्या आत. इकडे आल्यावर बँकेला कळवले की एनआरओचे पुन्हा साधे खाते होते.

ज्यांच्या लेकी दुसऱ्या देशांत आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलीला व्हिसासाठी बहुधा आधीच 'ब्लॉक्ड' खाते उघडावे लागते. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे आणि दरमहा 992 काढायचे असा हिशेब आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या लेकीचे नाव तुम्ही इथल्या खात्यात घातले असेल तर तिला आठवण द्या. तिची अमेरिकेबाहेरची खाती मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर तिला ते तिथल्या सरकारला कळवावे लागते.

आता शेवटचे आणि नाजूक. भगिनी, घरात हे कसे बोलावे? 'मला माझा हक्क हवा' असे म्हटले की आवाज चढतात. हक्क आहेच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने बाईची स्वतःची मिळकत आणि माहेरचे देणे सर्वस्वी तिचे असते. ते मनात पक्के ठेवा. पण जेवणे झाल्यावर शांतपणे असे विचारा: 'तुम्ही चार दिवस आजारी पडलात, तर परक्या देशात लेकराला मी दूध कशाने आणू?' माझी खात्री आहे, या प्रश्नावर कुठलाही शहाणा नवरा गप्प होईल आणि दुसऱ्या दिवशी अर्ज आणून देईल. सासूबाईंनाही सांगा की पैसे कुठे जात नाहीत, अडचणीला घराच्याच कामी येतील.

आपल्या पवनीत 1969-70 साली टेकडी खणली तेव्हा जुना स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ती माणसे आपण दिलेल्या दगडावर आपले नाव घालून गेली. तुम्ही एक लाख ऐंशी हजार टाका टाका घालून जमवलेत. त्यावर तुमचे नाव राहू द्या.

पोचलात की कळवा. आणि तिकडे वांग्याचे भरीत भाजायला शेगडी मिळाली का, तेही लिहा!

तुमची,
ताई

ता. क. – एका जाड वहीत दोघांच्याही सगळ्या खात्यांचे क्रमांक, बँकांची नावे, नॉमिनी आणि विमा लिहून ठेवा. पिन मात्र वहीत लिहू नका. यजमानांचा पिन त्यांना, तुमचा तुम्हाला. पण वही कुठे आहे, ते दोघांनाही ठाऊक हवे.