लिग्नोकेन ट्रॉलीवरच राहतं

आयसीयूत एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं सॅम्पल, घ्यायचं म्हटलं की आजही काय चालतं, ते सांगते. दोन मिलीची साधी सिरिंज, तिच्यात व्हायलमधून ओढलेलं पातळ हेपरिन. थोडं बाहेर टाकलं, बरंचसं आतच राहिलं. वर जेमतेम अर्धा मिली रक्त. झालं सॅम्पल! मशीन आकडे छापतं, पण ते पातळ झालेल्या रक्ताचे. पीसीओटू कमी, बायकार्बोनेट कमी, कॅल्शियम कमी. सीओपीडीचा पेशंट श्वास घेऊन घेऊन थकलेला, कार्बन डायऑक्साइड चढत चाललेला, आणि कागदावर मात्र तो बरा! अशा रिपोर्टवर व्हेंटिलेटरचा निर्णय लांबला, तर जबाबदार कोण?

कोरड्या हेपरिनच्या तयार सिरिंजा बाजारात कधीच्या मिळतात. खरेदी विभाग म्हणतो, महाग पडतात. मग चुकीच्या रिपोर्टवरचे उपचार आणि पुन्हा टोचून घेतलेलं सॅम्पल कुठल्या खर्चात धरता, तेही लेखी द्या.

सॅम्पल बर्फात ठेवण्याचंही तेच. ती काचेच्या सिरिंजच्या काळातली रीत. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन आरपार जातो, त्यामुळे बर्फात ठेवलेल्या सॅम्पलचा पीओटू खोटाच वाढू शकतो. बुडबुडे लगेच काढा आणि अर्ध्या तासाच्या आत सॅम्पल मशीनवर लावा.

पण माझा खरा संताप आहे तो दुखण्याबद्दल. धमनी शिरेपेक्षा खोल, तिची भिंत जाड. मनगटात सुई फिरायला लागली की म्हातारी माणसं दुसऱ्या हाताने कॉटचा कठडा आवळतात, आणि त्यांना काय ऐकवलं जातं? ‘हलू नका आजी, झालंच.’ ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की तातडीची वेळ सोडली तर आधी जागा बधिर करा. एक टक्का लिग्नोकेन, तेही थोडंसं, त्वचेखाली. आपल्याकडे त्यावर ठरलेलं उत्तर: ‘एकाऐवजी दोनदा कशाला टोचायचं?’ कारण पहिली बारीक सुई दुसरीचं दुखणं कमी करते, हे तुलना करून पाहिलेलं आहे. अभ्यास झाले, ते छापून आले, वॉर्डात मात्र ‘आम्ही नेहमी असंच घेतो’ एवढाच पुरावा चालतो.

आणि सुई काढल्यावर किमान पाच मिनिटं आपणच दाबून धरायचं असतं. नातेवाइकाच्या हातात कापसाचा बोळा कोंबून पुढच्या बेडकडे पळायचं नसतं. एका सिस्टरकडे चार-चार व्हेंटिलेटर देणाऱ्यांनी ही पाच मिनिटं कुठून आणायची, तेही सांगावं.

लिग्नोकेन आमच्या ट्रॉलीवरच आहे. ते द्यायला डॉक्टरांची लेखी ऑर्डर लागते. एका ओळीची स्टँडिंग ऑर्डर आम्ही विभागप्रमुखांपुढे ठेवली आहे. सही अजून झालेली नाही.