वेळ मिळेपर्यंत

अकोले तालुक्यांतील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा महिनाभर झोपेना कीं धड जेवेना. नगरास मनोविकारतज्ज्ञाकडे नेलें, तों तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. देशांत लाख माणसांमागें असा एकहि डॉक्टर पुरता नाहीं. राज्याचीं चार जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयेंहि पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें. मग तोंवर घरानें काय करावें? मुलाजवळ बसावें, उपदेश न करितां ऐकावें. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून अहोरात्र, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा निघाल्यास मात्र तत्क्षणीं रुग्णालय गांठावें. अशा मुलांस आळशी समजून आम्हीं वर्गांत उभें केलें आहे. तें शल्य अद्याप जात नाहीं. वाचकांनीं तरी ती चूक घरीं करूं नये.