वनस्पतीची ओळख आणि लेन्सची निवड

औषधींचे नाम व रूप जाणणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय. आज रूपाची नोंद बहुधा छायाचित्रानेच होते; परंतु परिसंवादांतून दाखविली जाणारी पुष्कळ छायाचित्रे नेत्रसुखद असूनही वनस्पतीच्या निश्चितीस निरुपयोगी ठरतात. याचे मूळ लेन्सच्या अविचारी निवडीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंखपुष्पीचेच उदाहरण घेऊ. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्ल्युरिकॉलिस हीच शंखपुष्पी मानली आहे. तरीही काही ठिकाणी विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, तिच्या जागी वापरली जाते. पहिलीचे फूल सामान्यतः पांढरे वा फिकट गुलाबी, तर दुसरीचे निळे असते. पण केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे. निर्णायक भेद आत आहे. पहिलीत कुक्षिवृंत एक व कुक्षी दोन. दुसरीत कुक्षिवृंतच दोन आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेले. विष्णुक्रांतेचे फूल मात्र जेमतेम 5 ते 10 मिलिमीटरचे!

मी स्वतः प्रथम ‘मॅक्रो’ असे लिहिलेली झूम लेन्स घेतली. तिची कमाल प्रतिमा वस्तूच्या एक चतुर्थांश आकाराची. म्हणजे 8 मिलिमीटरचे फूल सेन्सरवर 2 मिलिमीटर. दोन पावसाळ्यांच्या छायाचित्रांत कुक्षिवृंते मोजता आली नाहीत आणि तो संग्रह मला बाजूला ठेवावा लागला.

म्हणून लेन्सवरील नाव नव्हे, तर 1:1 हे प्रमाण पाहावे. 50-60 मिलिमीटरच्या लेन्सने फुलाच्या इतके निकट जावे लागते की तिचीच सावली फुलावर पडते. 150-200 मिलिमीटरच्या लेन्स अंतर देतात, पण त्या जड व महाग. रानात हिंडणाऱ्या वैद्यास 90 ते 105 मिलिमीटरची लेन्स सर्वांत सोयीची. ऐपत नसल्यास 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे 25 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावावी. निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते.

1:1 प्रमाणात, एफ/11 ठेवूनही, फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली सव्वा मिलिमीटरच्या आसपासच असते. तेव्हा तिपाई हवीच, आणि फोकस पाकळीवर नव्हे, तर कुक्षीवर असावा. शेजारी मोजपट्टीही ठेवावी.

छायाचित्र हे वाळविलेल्या नमुन्याची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य. तथापि ज्याच्या आधारे दुसरा वैद्य द्रव्य ओळखणार, ते संदिग्ध असेल तर त्या चुकीचे फळ अखेर रुग्णालाच भोगावे लागते, याचा विसर पडू नये.