गोलात उभी राहणारी

आमच्या अकोल्याला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. बर्फ आम्हाला ठाऊक तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्या बर्फावर हॉकी खेळतात, याचीच मला आधी गंमत वाटली.

लेहची नूर जहान भारताच्या महिला आइस हॉकी संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळली. हा संघ २०१६ मध्ये प्रथम परदेशी स्पर्धेत उतरला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवून त्याने पहिला विजय मिळवला. पण पोट हॉकीवर भरत नाही. जुनी भित्तिचित्रं आणि थंगका जतन करणं हा नूरचा व्यवसाय. तिकडे अमेरिका-कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये महिलांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. तिथे गोलरक्षकालाही पगार मिळतो.

अमरावतीला शाळेत शिकवताना, जिला पळता येत नाही तिला मी गोलात उभी करीत असे. तिने अडवलेले चेंडू कुणीच मोजले नाहीत, मीही नाही. सुटलेला एक मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. आज वाटतं, चूक माझीच होती.

म्हणून सांगतो, खेळणाऱ्या मुलींचा सत्कार जरूर करा, पण आधी त्यांच्या पगाराचं बघा. शाल-नारळावर घर चालत नाही.