इस्रायलचा इतिहास कोठून वाचावा?

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला म्हटला की १९४२ साली तेथे स्थानबद्ध झालेले काँग्रेसचे नेते आठवतात. त्याआधी तीनच वर्षे, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच, इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत आणून डांबले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या बंद्यांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. सरकारदरबारी तेही शत्रुराष्ट्राचे नागरिक! ज्यांच्या भयाने देश सोडला त्यांच्याच अनुयायांसमवेत एका कुंपणात राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. ज्यूंना स्वतःची भूमी का हवी होती, याचे एक उत्तर असे आपल्या जिल्ह्यातच सापडते.

परंतु पॅलेस्टाईनचा प्रश्न तेवढ्याने उलगडत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेला हल्ला आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध यांपासून भ्रमणध्वनीवर इतिहासाचा महापूर आला आहे, आणि त्यात आमचे तरुणही वाहत आहेत. आमच्या पिढीला इस्रायल कळला तो ना. ह. पालकर यांच्या ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’ या ग्रंथामुळे. ते ऋण मोठे आहे. पण पालकर १९६७ मध्ये निवर्तले. १९७३ चे युद्ध, १९७८ चा कँप डेव्हिड करार, १९९३ चा ऑस्लो करार हे सारे त्यानंतरचे. तेव्हा त्याच एका ग्रंथावर किती काळ विसंबायचे?

अभ्यासूने मूळ कागदांपासून आरंभ करावा. १९१७ च्या बाल्फोर घोषणेचे मुख्य वाक्य एकच आहे. त्याचा पूर्वार्ध ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाविषयी, तर उत्तरार्ध तेथील ज्यूतर रहिवाशांच्या नागरी व धार्मिक हक्कांविषयी. दोन्ही पक्ष आपापला अर्धाच भाग उच्चारतात! १९३७ चा पील आयोगाचा अहवाल वाचावा. फाळणीची शिफारस प्रथम त्यात आली. १९४७ च्या राष्ट्रसंघ समितीचा अहवाल तर आपल्याशी थेट निगडित आहे. तिच्या अकरा सदस्य-राष्ट्रांत भारत होता. बहुमताने फाळणी सुचविली. भारताचे प्रतिनिधी न्या. अब्दुर रहमान यांनी इराण व युगोस्लाव्हियासह संघराज्याची योजना उचलून धरली. २९ नोव्हेंबरला फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताचे मत विरोधात पडले. त्यावर कठोर टीका करणारे आणि ज्यू राष्ट्राचे स्वागत करणारे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे पत्रक १९ डिसेंबरचे आहे. ते राष्ट्रसंघाच्या अहवालाशेजारी ठेवून वाचले, तरच त्याची धार कळते.

१९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. ते का व कसे, हे बेनी मॉरिस या इस्रायली इतिहासकाराने इस्रायलच्याच दप्तरांतून शोधले आहे. त्यातील काही पाने इस्रायलच्या मित्रांना रुचणार नाहीत, तरीही वाचावीत. रशीद खालिदी यांच्यासारख्या पॅलेस्टिनी अभ्यासकाचे म्हणणेही मुळातून पाहावे. खंडन करायचे तरी ते ठाऊक हवे. अरब देशांतून परागंदा झालेल्या लक्षावधी ज्यूंची कहाणी त्यांच्यासमोर मांडण्याचा अधिकार मग आपोआप येतो.

जिल्ह्यातील ग्रंथालयांनी पालकरांच्या ग्रंथाशेजारी एवढी चार-पाच पुस्तके ठेवण्यास फार खर्च येणार नाही. मात्र यातील बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. ते मराठीत आणण्याचे काम आमच्यातील कोणी अंगावर घेईल काय?