आधी चौक मोकळे करा, मग पुलाची फीत कापा!



नागपुरातला अजनीचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल थकला आहे. त्यावर जड वाहनांना बंदी घालावी लागली. शेजारी महारेल या सरकारी कंपनीचा सहापदरी केबल-स्टेड पूल होतो आहे. तो हवाच. पण पूल रुंद झाला की कोंडी आपोआप सुटेल, यावर विश्वास ठेवू नका.

पुलावर गाडी अडत नाही, अडते ती उतरल्यावर. काँग्रेसनगरकडे उतरा की मेडिकल रुग्णालयाकडे, पुढे चौक आहेच. सहा पदरांची वाहने तिथे एकदम येणार आणि हिरव्या दिव्याची वाट पाहत पुलावरच रांग लावणार.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० सालीच हिशेब मांडून ठेवला आहे. कडेला पार्किंग आणि आडवी वाहतूक नसेल, तर दुपदरी शहरी रस्त्यासाठी ताशी १,५०० मोटारींइतकी वाहतूक धरावी. कडेला गाड्या लागल्या, जागोजागी वाहने आडवी घुसू लागली, तर तेवढ्याच रुंदीला फक्त ९००. एक इंचही डांबर न उखडता चाळीस टक्के रस्ता गायब!

स्टेशनसमोरचा टेकडी उड्डाणपूल आठवा. २००८ मध्ये बांधला, खाली दुकाने दिली आणि जेमतेम दीड दशकात रस्ता रुंद करण्यासाठी तोच पाडला. बांधायलाही जनतेचा पैसा, पाडायलाही जनतेचाच! अजनीत हे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

या पुलाच्या तोंडाशी मेडिकल आहे. साऱ्या विदर्भातून, मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून रुग्ण तिथे येतात. अँब्युलन्स कोंडीत अडकली, तर त्याची भरपाई कोणताही निधी करू शकत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या चौकांचा वाहतूक आराखडा मराठीत जाहीर करा आणि त्यावर जनसुनावणी घ्या.

२. पोचरस्त्यांवर पार्किंग बंद करा. ऑटो आणि आपली बस यांना वेगळे थांबे द्या.

३. हातठेलेवाल्यांना हुसकावू नका, जवळच हक्काची जागा द्या.

४. सलग फुटपाथ आणि पायी ओलांडण्यासाठी सिग्नलला पुरेसा वेळ द्या.

५. चौकांचे काम पूर्ण झाल्याशिवाय पूल खुला करू नका.

या मागण्या स्वतःच्या सहीने मनपा आयुक्त, वाहतूक पोलीस उपायुक्त आणि महारेलला पाठवा. पोच घ्या. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : चौकाचा आराखडा कुठे आहे?

— अजनी-मेडिकल परिसरातील नागरिक

(वाचून झाल्यावर शेजाऱ्यांना द्या.)